पत्रकात नसलेला गुण

बाबा,

यंदा क्रिकेटपटूंचा लिलाव झाला. टीव्हीवर दाखवला. म्हसाच्या जत्रेत बैलांवर लागते तशी एकेकावर बोली लागत होती, दात तेवढे कुणी तपासले नाहीत. हॉकीचा संघ ऑलिंपिकला पोचलाच नाही. आणि मोठ्या स्पर्धांमधली कबड्डी आता मॅटवर होते, पायात बूट घालून. या तिन्ही गोष्टींवर तुमचं मत काय झालं असतं, ते मला साधारण सांगता येईल. माझं मात्र काही ठरत नाही. परवा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे लिलावावरून भांडत होते. एकाने विचारलं, "मॅडम, तुमी कायच बोलत नाय?" मी म्हटलं, मला खेळातलं कळत नाही. तुमच्या मुलीने असं म्हटलं.

किन्हवलीच्या भात गिरणीत तुम्ही पेपर शेवटच्या पानापासून वाचायचात. गिरणी चालू असायची, म्हणून तुमची मतं ओरडूनच सांगावी लागायची. कप्तानाने टॉस जिंकून चुकीचा निर्णय घेतला, निवड समितीला डोळे नाहीत, पंचाने पायचीत दिलं ते साफ खोटं. भात कांडायला आलेली माणसं पोत्यांवर बसून ऐकायची आणि तुम्हाला चिडवायची. "काका, तुमी इथनं वरडताव, ते तिकडं शारजाला ऐकू जातं काय?" तुम्ही कोंडा झटकत म्हणायचात, "जातं तर. नाय तर पुढचाच बॉल सरळ कशाला टाकला असता त्यानं?" मी शाळेतून डबा घेऊन यायचे आणि तुमच्या बाजूला उभी राहायचे. मला ओरडता येत नव्हतं. मला लिहिता यायचं. म्हणून तुम्ही मला कबड्डीचं गुणपत्रक लिहायला शिकवलंत: कोणाची चढाई, किती गडी बाद, आणि चढाई करणारीने मागची बोनसची रेषा ओलांडली की एक जादा गुण. त्यासाठी पंच अंगठा वर करतो, तो बघायचा आणि गुण लगेच लिहायचा. "आपन बोंबलतो ते हवेत जातं गो," तुम्ही म्हणाला होतात, "लिवलेलं राहतं."

एफ.वाय.ला असताना मुरबाडला कॉलेजांच्या मुलींची स्पर्धा होती. आमच्या कॉलेजचा सामना तिकडच्याच एका संघाशी होता आणि पत्रक माझ्याकडे होतं. जिंकणारा संघ पुढच्या फेरीत जाणार, तिथे विद्यापीठाची निवड समिती येणार. त्यातून खेळाचं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत राखीव जागा, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या संघात डोंगरातल्या पाड्यावरची एक मुलगी होती, अनवाणी, माझ्याच वयाची. पहिल्या दोन चढायांतच तुम्ही आमच्या संघाला विसरलात. दुपारचं ऊन आहे, मैदानाची माती तापली आहे, आणि तुम्ही दोरीपलीकडे उभे राहून विरुद्ध संघाच्या पोरीला ओरडून सांगताय, "डाव्या कोपऱ्यात जा, डाव्या!" आमच्या सरांनी तुमच्याकडे रागाने पाहिलं. उत्तरार्धात एकदा ती आत शिरली तेव्हा तुम्ही दोन्ही हात वर करून उडीच मारलीत. मी इतकी वर्षं तुम्हाला बघत होते, पण असे कधी दिसला नव्हतात. मी पत्रकावरून मान वर केली आणि तुमच्याकडे बघत राहिले. पुन्हा खाली पाहिलं तोवर ती आपल्या बाजूला परतली होती. कोणी बाद झालं नव्हतं. मी पुढची चढाई लिहायला घेतली.

आम्ही एका गुणाने जिंकलो. ती पंचांकडे धावत आली. "सर, माजा बोनस हाय एक. तुमीच आंगठा वर केलाव." पंचांना आठवेना, तोवर आणखी वीसेक चढाया झाल्या होत्या. ते माझ्या टेबलापाशी आले. "बाळ, पत्रकात आहे का?" मी म्हटलं, "नाही." ते खरं होतं. पत्रकात नव्हता. त्या एका चढाईत माझी मान वर होती, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, नीट बघ ना गो." मी पान उलटून बघितल्यासारखं केलं. तुम्ही दोरीपलीकडेच होतात. शारजापर्यंत ज्याचा आवाज जातो, तो माणूस वीस पावलांवर गप्प उभा होता.

परतीच्या एसटीत सरळगाव आलं. मग तुम्ही म्हणालात, "आंगठा वर गेलता. मी बघितला." मी विचारलं, "मग बोलला का नाही?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "कसा बोलू? पत्रक तुजं होतं." मग माझ्याकडे वळून, "तुला दिसला नाय ना?" मी म्हटलं, दिसला नाही. तेही खरंच होतं. का दिसला नाही, ते सांगितलं असतं तर ती चूक तुम्ही तुमच्या उडीच्या नावावर लिहून घेतली असतीत.

त्यानंतर तुम्ही पेपर मनात वाचायला लागलात. गिरणीतली माणसं विचारायची, "काका, आज काय म्हनता?" तुम्ही म्हणायचात, "आपल्याला काय कळतंय." दीड वर्षाने तुम्ही गेलात. पुढच्याच वर्षी क्रिकेटमधल्या मॅच फिक्सिंगची बातमी फुटली, आणि सगळं गाव तुमच्यासारखं ओरडायला लागलं. खेळाडूंना जन्मभर बंदी घाला, तुरुंगात टाका. मी वाचत होते आणि वाटत होतं, त्या खेळाडूंतला एखादा असाही असेल, ज्याने फक्त विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं.

मी आता आसनगावच्या कारखान्यात दाबमापकं तपासते. एखादी नोंद घ्यायची राहून गेली तर तिथे रेघ मारून "नोंद घेतली नाही" असं लिहायचं आणि सही करायची, असा आमचा नियम आहे. नव्या मुलींना मी तो पहिल्याच दिवशी सांगते. त्या सामन्याचा हिशेबही मी अनेकदा मांडला आहे. तो गुण धरला असता तर बरोबरी झाली असती, जादा वेळ खेळला गेला असता, त्यात त्या हरल्याही असत्या. जिंकल्या असत्या तरी निवड झाली असती असं नाही. हे सगळं बरोबर आहे आणि याचा काही उपयोग नाही.

ती मुलगी मुरबाडकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे, असं गेल्या महिन्यात कळलं. शाळेचं नाव, गाव, पिनकोड, सगळं माझ्याकडे आहे. तिला चार ओळी लिहायला बसले होते. ताई, तुझा बोनस होता, एवढंच लिहायचं होतं. कागदावर "बाबा" लिहिलं गेलं, आणि मी ते खोडलं नाही. तुमच्याकडून उत्तर येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.