खाली ट्रकचं वजन

वणी, १७ मे २०२५

चि. सलोनीस,

अनेक आशीर्वाद. नेरला जावईबापू आणि बाळ नयन मजेत असतील. इकडे ऊन मी म्हणतंय. मार्चपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडू नकोस, बातमी चांगली आहे. आईने तुला फोनवर नुसतं "बरी हाव" म्हटलं असेल.

परवा डायलिसिसनंतर तिचं बीपी एकशे अठ्ठावीस आलं. मी तीनदा मोजायला लावलं! चार गोळ्या घेऊन एकशे नव्वद असायचं, आता एकच गोळी.

खरं कारण ओळखलं ते डायलिसिसचं मशीन चालवणाऱ्या आसिमने. तिचे दंड पाहून म्हणाला, "काका, काकू वाळून राह्यल्या, अन् पानी काढल्यावरचं वजन बावन्नचं बावन्नच कसं? मांस गेलं, तिथं पानी भरलं." डॉक्टरांनाही पटलं. दर खेपेला थोडं थोडं जास्त पाणी काढत दीड महिन्यात तिला साडेअठ्ठेचाळीसवर आणलं, तसतसं बीपीही उतरलं. सलोनी, मी थक्क झालो. साडेतीन किलो पाणी, आणि आपल्याला दिसलं नाही! आता तिच्या घोट्याची हाडं दिसतात. धाप लागू नये म्हणून तीन उशा लागायच्या, आता एकीवर झोपते.

मी अठ्ठावीस वर्षं कोळशाच्या वजनकाट्यावर काढली. खाली, म्हणजे रिकामा ट्रक अधूनमधून पुन्हा तोलावा लागतो, नाहीतर मालाचं वजन चुकतं, हे नव्यांना मीच शिकवायचो. घरात मात्र तिचं पाण्याविना वजन म्हणून दीड वर्षापूर्वीचा बावन्नचा आकडा धरून बसलो.

आता जे टाळत होतो ते लिहितो. बीपी चढलं की मला वाटायचं, ही चोरून पाणी पिते. फ्रिजला कुलूप लावलं, माठ उचलला, तुझ्यादेखत तिला चोर म्हणालो. तू बॅग घेऊन गेलीस ते बरोबरच होतं. दोन डायलिसिसच्या मध्ये तिचं वजन जेमतेम किलोभर वाढायचं. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तिने एक थेंब जास्त घेतला नव्हता. पंचेचाळीसच्या उन्हात, दिवसाला मोजून चार कप पाण्यावर, वर चोर म्हणवून घेत ही बाई राहिली. एवढी ताकद कुठून आणते, मला कळत नाही.

काल माठ जागेवर ठेवला, माफी मागितली आणि पेला भरून तिच्या हाती दिला. तिने दोनच घोट घेतले आणि पेला माझ्यापुढे केला.

"घ्या, प्या. तुमचाच घसा सुकला."

मला रडू आवरलं नाही. मग म्हणाली, "पोरीले बलावा आता."

म्हणून बोलावतोय. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये.

तिला चोर म्हणणारा,
तुझा बाबा
पुंडलिक