मल्लिनाथ, लिंग बांधायला या

अहो,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. आत्याबाईंना बीपीची गोळी जेवल्यावर आठवणीनं द्या.

मी बाळाला घेऊन मठात चालले आहे. "स्वामींना सवड नाही" असं तुम्ही सांगत होतात. काल बाजारात स्वामीच भेटले. म्हणाले, "माय, लेकराच्या गळ्यात इष्टलिंग कधी बांधायचं? मल्लिनाथ तर नुसतं थांबा थांबा म्हणून राहिला." मला तोंड वर करवेना.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तुमच्या शेजारीच बसले होते. शुक्राणूंचा काउंट कमी आहे, पण शून्य नाही, उपचार थांबवल्यावरही कधी कधी दिवस राहतात, हे तुम्हीही ऐकलंत. राहिले तेव्हा पेढे तुम्हीच वाटलेत. मग बाळ झाल्यावर चंद्रप्पा भावजी दुकानात हसून म्हणाले, "लई गुणाचं औषध हाय की, कुणाचं घेतलं?" त्या दिवसापासून तुम्ही लेकराला उचललं नाही. परत तपासणी करू म्हटलं तर तेही नको. आत्याबाई रोज त्याचे कान तुमच्यासारखे आहेत का ते निरखतात, ते मला दिसतं. तुम्ही एकदा मला तोंडावर विचारलं असतंत तर इतकं लागलं नसतं.

स्वामी बापाचं नाव विचारतील. मी तुमचंच सांगणार, कारण दुसरं नाही. दुपारपर्यंत वाट बघते. नाहीतर तिथूनच उदगीरला माहेरी जाते, कपडे सोबत घेतलेत.

आलात तर त्याला मांडीवर घेऊन बसा. लोकांना दाखवायला नुसते शेजारी उभे राहणार असाल, तर येऊ नका.

दामिनी