बिल मीच देणार

२ जून, रविवार. दुपार.
साडूने, म्हणजे एंग सूनने, आज पुन्हा बिल दिलं. निमित्त काही नव्हतं, नेहमीचं रविवारचं जेवण. वाफवलेला मासा संपतो न संपतो तोच एंग सून हात धुवायला म्हणून उठला. परत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी खिशात हात घातला होता. सगळ्यांनी पाहिलं. पाहिलं असावं.

लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत या माणसाने मला एकदाही बिल देऊ दिलेलं नाही. ओढाताण मीही करतो. मनगट धरतो, ‘छे छे, आज मी’ म्हणतो. पण त्याची मनगटं जाड आहेत. शिवाय २००९ साली माझं पाकीट गाडीत राहिलं होतं. २०१५ साली चष्मा सापडत नव्हता. (चष्म्याचं दुकान असलं म्हणून काय झालं!)

ठराव : २३ तारखेला सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. लो बाईंचं हॉटेल, दहा माणसं. बिल मीच देणार.

५ जून, बुधवार.
बायकोने बोलण्याआधी दार लावून घेतलं, तेव्हाच ओळखलं की प्रकरण माहेरचं आहे.

एंग सूनचा छापखाना बसला म्हणे. दोन मशीनं विकली. क्रेडिट कार्ड काठोकाठ भरलंय, गेल्या आठवड्यात पेट्रोल पंपावर नाकारलं गेलं. रविवारचं आपलं बिल त्याने घरातल्या नोटा गोळा करून दिलं. मेव्हणी फोनवर रडत होती. सासूबाईंना यातलं अक्षर माहीत नाही. आणि तरी तेवीसला तो काउंटरकडे धावणारच, कारण न धावणं त्याला येतच नाही. आईच्या ऐंशीव्याला, सगळ्यांसमोर त्याचं कार्ड परत आलं, तर तो पुन्हा आपल्या टेबलावर यायचा नाही, असं बायको म्हणाली. म्हणून या खेपेला बिल तुम्ही द्यायचं, म्हणजे खरंच द्यायचं.

‘खरंच’ या शब्दाची गरज नव्हती.

वाईट वाटलं. मनापासून वाटलं. साडू झाला तरी माणूसच आहे.

प्रश्न फक्त पद्धतीचा आहे.

६ जून, गुरुवार. दुकानात गिऱ्हाईक नाही.
शास्त्रीय चाचणी घेतली. घड्याळ लावून.

कार्ड : मागच्या खिशातून पाकीट काढणे, उघडणे, कार्ड शोधणे. एकोणतीस सेकंद. मध्ये बेकरीचं कार्ड, वाचनालयाचं कार्ड, २०१८ साली बंद पडलेल्या व्यायामशाळेचं कार्ड. पाकीट इतकं जाड की बसताना मी एका बाजूला कलतो. डॉक्टरांनी कंबरदुखीचं कारण म्हणून तेच दाखवलं होतं. 

फोन : वरच्या खिशातून काढणे, तोंडासमोर धरणे, कोड स्कॅन करणे. सहा सेकंद.

तेवीस सेकंदांचा फरक! आणि तारीखही तेवीस. बावीस वर्षं मी कंजूष नव्हतो, कार्डवाला होतो. हे कोणी समजून घेतलंच नाही.

निर्णय : यापुढे फक्त फोन. नोटा बंद. पाकीट घरी. कार्ड चोरीला जाऊ नये म्हणून बँकेच्या ॲपमधून गोठवून टाकलं. हवं तेव्हा त्याच ॲपमधून मोकळं करता येतं. एक बटण.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं की मग कार्ड गोठवलंत कशाला, वापरायचंच नाही तर? तिला तंत्रज्ञानातलं फारसं कळत नाही.

९ जून, रविवार.
सगळे डोंगरापलीकडे, बालिक पुलाऊच्या बागेत ड्युरियन खायला. सासूबाईंना या मोसमाचा पहिला ड्युरियन झाडाखालीच बसून लागतो. वास गाडीत आठवडाभर राहतो, पण त्यांना कोण सांगणार.

रंगीत तालीम म्हणून इथलं बिल मीच द्यायचं ठरवलं. पाच फळं झाली. फोन काढला. सहा सेकंदांत तयार. पण डोंगराच्या त्या बाजूला नेटवर्कच नव्हतं. बागवाला म्हणाला, मालक, त्या वळणापर्यंत चालत जा, तिथे एक रेघ येते. गेलो. एक रेघ आली. पण कोड बागवाल्याच्या टेबलावर. परत आलो. रेघ गेली. पुन्हा गेलो, या वेळी कोडचा फोटो काढून. पैसे जाणार इतक्यात भाचीने वरून हाक मारली की काका या, बाबांनी दिले.

एंग सूनने नोटा दिल्या. खिशातून काढायला त्याला जरा वेळच लागला. एकेक सरळ करून देत होता. वय झालं त्याचं.

परतताना बायको सगळी वाट खिडकीकडे तोंड करून बसली. ड्युरियन तिला बाधतो कधीकधी.

निष्कर्ष : दोष पद्धतीत नाही, फोनमध्ये आहे. चार वर्षं जुना.

१२ जून, बुधवार. फार महत्त्वाचा दिवस.
एंग सूनचं गुपित फुटलं!

लो बाईंच्या हॉटेलात टेबल पक्कं करायला गेलो होतो. काउंटरवर त्यांची बहीण बसते, मावशी म्हणतात तिला सगळे. सहज विचारलं, आमचे साडू नेहमी आधी कसे पोचतात? मावशी पोट धरून हसली. म्हणाली, अहो, पोचायचंय कशाला, ते तर आल्याआल्याच कार्ड माझ्याकडे ठेवून जातात. मासा येईपर्यंत बिल त्यांच्या नावावर झालेलं असतं. सगळे जावई हेच करतात. तुम्हाला माहीत नव्हतं? बावीस वर्षं?

म्हणजे हा वेगाचा खेळच नाही. मी तेवीस सेकंद वाचवत बसलो आणि हा माणूस तासभर आधीच जिंकून जेवायला बसत होता.

मग कार्डच बरं का? कार्ड ठेवून जाता येतं. रात्रभर विचार केला. कार्डवाल्यांचा हा एकच मुद्दा बिनतोड आहे. फोन काउंटरवर ठेवून जाता येत नाही.

का येत नाही?

१५ जून, शनिवार.
योजना बायकोला समजावून सांगितली. पोचल्यावर फोन मावशीकडे ठेवायचा. एंग सून कार्ड घेऊन जाईल तेव्हा तिथे आधीच माझा फोन. मावशी त्याला परत पाठवेल. त्याचं कार्ड यंत्राला लागणारच नाही. एक घाव दोन तुकडे.

बायको म्हणाली, त्यापेक्षा उद्याच जाऊन लो बाईंकडे पैसे देऊन या. पंधराशे रिंगिट द्या, उरले तर त्या परत देतील. विषय संपला.

तिला समजावलं की हे असं चालत नाही. आठ दिवस आधी गुपचूप दिलेले पैसे कोणाला दिसणार? जेवणाच्या वेळी दिलं तर बिल देणं, आधी दिलं तर ते नुसतं पैसे भरणं. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. त्यांच्यासाठी म्हणतोय मी, माझं काय.

ती म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. कुठला बैल आणि कसला, आमच्या सात पिढ्यांत कोणी शेती केलेली नाही.

२२ जून, शनिवार.
जुन्या फोनची बॅटरी आज दुपारी चारला मेली. उद्या अशी मेली तर? धोका नको. उद्या सकाळी नवा फोन. सासूबाईंसाठी एवढं तरी केलंच पाहिजे.

२३ जून, रविवार. दुपारी दीड.
नवा फोन घेतला. जुना बदल्यात देऊन टाकला. दुकानदार फैरूज फार लाघवी माणूस. बँकेचं ॲप त्यानेच घालून दिलं. एक वाजून दहा मिनिटांनी सगळं सुरू झालं. फोनने चेहरा ओळखला. बँकेचा एक लांबलचक संदेशही आला, नवीन फोन, सुरक्षितता, बारा तास वगैरे. बँकांना उपदेशाची हौसच असते. ‘समजले’वर बोट ठेवलं.

निळा शर्ट घालतोय. वरचा खिसा मोठा आहे.

२४ जून, सोमवार. सकाळ. दुकान उघडलेलं नाही.
क्रमाने लिहितो.

सातला पोचलो. सगळ्यांच्या आधी. फोन मावशीकडे दिला. ती म्हणाली, हे काय? म्हटलं, कार्डासारखंच समजा. तिने तो गल्ल्याशेजारी, लिंबांच्या टोपलीत ठेवला.

मग मंडळी आली. एंग सूनने नवा शर्ट घातला होता, इस्त्रीची घडी तशीच होती. आल्याआल्या तो काउंटरकडे गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. माझ्याकडे बघून म्हणाला, दादा, या वेळी तुम्ही? मी नुसता हसलो. बावीस वर्षांत एवढं सुख मिळालं नव्हतं.

कोंबडी झाली. मासा झाला. माशाचं डोकं सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणून सासूबाईंकडे, रीतसर. मग आल्या दीर्घायुष्याच्या शेवया. या तोडायच्या नसतात. ऐंशीव्याला तर नाहीच. एक टोक तोंडात, दुसरं टोक अजून वाडग्यात, अशा स्थितीत मी असताना मावशी येऊन उभी राहिली आणि माझा फोन तिने माझ्या तोंडासमोर धरला. म्हणाली, बिल काढलंय, पण याला कुलूप आहे, जरा तोंड दाखवा.

फोनने तोंड ओळखलं नाही. शेवई लोंबत होती. मावशी म्हणाली, तोडा की ती. टेबलावरून चार जण ओरडले की नाही, नाही, तोडू नका! सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी ओढत राहिलो. इतकी लांब शेवई मी आयुष्यात पाहिलेली नाही. मावशी फोन धरून उभीच. भाची हसून हसून खुर्चीवरून घसरली.

शेवई संपली. फोन उघडला. बँकेने सांगितलं, नवीन फोन, बारा तास पूर्ण झालेले नाहीत, रात्री एक वाजून दहा मिनिटांनंतर प्रयत्न करा. तेव्हा वाजले होते साडेआठ.

कार्ड मोकळं करू म्हटलं. बायकोने मला न विचारता पाकीट पर्समध्ये आणलं होतं. पण मोकळं करायचं बटण त्याच ॲपमध्ये. तेही एक दहानंतर.

मी म्हणालो की पाच मिनिटांत होईल. कशाच्या जोरावर म्हणालो, ठाऊक नाही.

एंग सून उठला. म्हणाला, राहू द्या हो दादा, मी आहे ना, आणि त्याने पाकीट काढलं. मेव्हणीचा चेहरा पांढरा पडला. तिने त्याची बाही धरली, त्याने ती सोडवली. कार्ड काढून त्याने मावशीपुढे धरलं, पण हातातून सोडलं नाही. मी समोरच बसलो होतो. मला दिसत होतं. मला हे ५ जूनपासून माहीत होतं, आणि मी अठरा दिवस सेकंद मोजत होतो. इतकी लाज मला कधी वाटलेली नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लो बाई हात पुसत बाहेर आल्या. मावशीवर खेकसल्या, अगं, त्या टेबलाचं कसलं बिल नेतेस? बुधवारीच आलंय सगळं.

कोणी दिलं, असं एंग सूनने विचारलं.

बायको म्हणाली, यांनी दिलं. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, मग मघापासून चाललंय ती सगळी थट्टा, यांना अशीच हौस.

सगळे हसले. टाळ्या वाजवल्या. एंग सूनने कार्ड खिशात ठेवलं आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

गाडीत विचारलं, पैसे कुठून आणलेस? ती घरी केक करून विकते, त्या ऑर्डरींचे. नोटा होत्या, नोटा दिल्या. मला सांगायचं तरी, म्हटलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही त्याचीही चाचणी घेतली असती.

संध्याकाळी सहा.
एंग सून दुकानात येऊन गेला. चष्म्याची काडी बसवून घ्यायच्या निमित्ताने. काडी ठीकच होती. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, दादा, तुम्हाला माहीत होतं ना सगळं? मी काडीचा स्क्रू शोधत राहिलो.

मग सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुझं स्थळ आलं तेव्हा आमचे हे नको म्हणत होते, या मुलाची मूठ उघडत नाही म्हणून. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, उघडेल, जरा वेळ द्या. आज सकाळी त्यांच्या फोटोला उदबत्ती लावली आणि सांगितलं, बघा, उघडली. आता मी मरायला मोकळी झाले, असं म्हणून त्या हसल्या आणि मग हसता हसता रडल्या.

ते पैसे माझे नव्हते, हे त्यांना सांगायचं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. तोंड उघडलं, आणि ‘त्यात काय एवढं, आई’ असं म्हणालो.