मागच्या बाजूने

प्रिय ठिणगी,

पत्र बघून घाबरू नकोस, तुझी आई बरी आहे. घाबरलोय तो मी, आणि फोनवर माझा आवाज लगेच फितूर होतो म्हणून लिहितोय.

झटका येऊन गेल्यापासून आईचा उजवा हात मांडीवरच पडून असतो. गेल्या आठवड्यात तिने सांगून टाकलं, की येत्या रविवारी तिची जुनी विद्यार्थिनी येऊन कीबोर्ड घेऊन जाईल. घरात मुकं वाद्य नको. मी मान डोलावली आणि त्याच दुपारी दुकानातलं जुनं सामान उपसायला बसलो. पायाने दाबायच्या आठ बटणांची पेटी करायची, तिच्यातून निघालेली वायर कीबोर्डच्या पाठीमागच्या पाच पिनांच्या गोल सॉकेटात जाणार. खालचे सूर पाय सांभाळतील, चाल डावा हात वाजवील. पेटी झाली, पण कीबोर्ड ढिम्म. पेटीच्या बाजूलाही तसंच सॉकेट लागतं; त्याचं पाच वेळा सोल्डरिंग केलं, होती ती सॉकेटं वितळवून ठेवली. आई खुर्चीतून बघत असायची, त्याचीच मला जास्त धास्ती.

शेवटी बिस्किटांच्या जुन्या डब्यात एक सॉकेट सापडलं, तू चौदाव्या वर्षी जोडलेलं. आठवतंय? मी रेडिओवाला, असल्या सॉकेटाशी माझी नवीच ओळख, पण तोरा केवढा! वायरी मी काढून दिलेल्या आकृतीप्रमाणे नाहीत म्हणून, डोळे आहेत की बटणं, असं गिऱ्हाइकांसमोर तुला ओरडलो आणि ते न लावताच डब्यात फेकलं. तू सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवलीस ती ठेवलीसच. पुढे भूगोलाची बाई झालीस, आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की पोरीला या कामाची गोडीच नव्हती.

दुसरं सॉकेट उरलं नाही म्हणून तेच लावलं. सूर वाजला गं! मग मी माझी तेव्हाची आकृती काढून बघितली. पिना मी समोरून दिसतात तशा काढल्या होत्या, आणि वायरी जोडायच्या असतात मागून. मधली पिन तिथेच राहते, तिच्या दोन्ही शेजारणींची अदलाबदल होते. तू आकृती मनातल्या मनात उलटी केली होतीस. मी आताही तीच चूक पाच वेळा केली.

आईने पायाने बटण दाबलं, डावा हात आपसूक वर गेला. ती हसली, पण विद्यार्थिनीला अजून नको म्हणून कळवलेलं नाही. आधी टिकतंय का बघू, म्हणाली. हे जमवलं कुणी, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मी.

सॉकेटाची एक वायर आता केसाएवढ्या तारेवर तगून आहे. ती तुटली तर रविवारी कीबोर्ड जाईल, तुझ्या आईला मी ओळखतो. मी जोडली असती, पण वर्षभर माझा हात थरथरतोय; बाकीची सॉकेटं वितळली ती त्यानेच. कुणाला सांगितलेलं नाही; अक्षर बघून तू ओळखलंच असशील. शनिवारी ये. तुझी वायर तूच जोड. मी शेजारी कंदिलासारखा बॅटरी धरून उभा राहीन, आणि आईला तुझ्यासमोर सांगेन की हे पोरीचं काम आहे, आणि तेव्हा चुकलो होतो तो मी.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा