धक्क्यापर्यंत येईन

३ फेब्रुवारी

ती. स्व. आईंना,
सुनेचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नका. आत बेटांचा नकाशा आहे. मार्चमध्ये आपण तिघांनी बेटांवर जायचं असं मी ठरवलंय. ठरवलंय म्हणजे अजून कोणाला विचारलेलं नाही.

मार्चमध्ये तिकडे चिटपाखरू नसतं, त्यामुळे सगळं निम्म्या भावात मिळतं. जुन्या जकातघराच्या वरच्या मजल्यावर एक बाई खोल्या देतात. न्हाणीघर सामायिक, पाणी गार, पण भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसेल. शेजारच्या छोट्या बेटावर पडका किल्ला आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं, म्हणजे तेही फुकट. चादरी आणि डबे घरून न्यायचे. दोन रात्री राहिलो तरी खिशाला चाट बसणार नाही.

आता खरं कारण. धुक्यातल्या त्या सकाळी यांची बोट धक्क्याच्या भिंतीवर आदळली, एका म्हाताऱ्या प्रवाशाचा पाय मोडला, हे तुम्हाला माहीत आहे. चौकशीत ठरलं की इंजिनाने दगा दिला, यांची चूक नव्हती. सगळ्यांना ते पटलं, यांना सोडून. तेव्हापासून यांनी बोटीत पाय ठेवलेला नाही. पार्सल ऑफिसात गठ्ठे तोलतात आणि घरी येऊन गप्प बसतात. बंदराकडच्या खिडकीपुढे यांनी कपाट सरकवून ठेवलंय. परवा बोट कंपनीचे मॅनेजर घरी आले होते. म्हणाले, एक एप्रिलपर्यंत जागा धरून ठेवतो, त्यानंतर ती नव्या माणसाची. हे आतल्या खोलीत बसून राहिले, बाहेर आलेच नाहीत.

बेटांना पूल नाही. जायचं तर बोटीनेच. मी म्हटलं तर हे नाही म्हणतील, तुम्ही म्हटलं तर नाही म्हणता येणार नाही. इतकी वर्षं हे तुम्हाला बोटीतून फिरवायला बोलावतायत आणि तुमचा गणवेश शिवण्याचा हंगाम काही संपत नाही. एकदा संपू द्या.

उत्तराची वाट पाहते. आहे तो लोभ नकाशासकट सांभाळून ठेवावा.

तुमची,
सून

९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

नकाशा पोचला. तुझा बेतही कळला, आणि स्पष्ट लिहिते, मला तो आवडला नाही. तू सापळा लावते आहेस आणि आमिष म्हणून मला बांधते आहेस.

ढब्याला मी तुझ्या आधीपासून ओळखते. त्याला ढकललं की तो आणखी घट्ट बसतो. लहानपणी शाळेत पाठांतर विसरला तर दोन दिवस जेवला नव्हता. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून ताटावर आला. पार्सल ऑफिसात काय वाईट आहे? पाय जमिनीवर, डोक्यावर छप्पर, संध्याकाळी घरी. जगात सगळ्यांनीच पाण्यावर पोट भरायला हवं असं कुठे आहे? मॅनेजरांना म्हणावं, खुशाल नवा माणूस घ्या.

शिवाय इथे नेहमीच्या गणवेशांवर एका इस्पितळाचे पडदेही शिवायला घेतलेत. मशीनवरून उठायला सवड नाही.

केवळ माहिती म्हणून विचारते. त्या बोटीने किती वेळ लागतो? कठडा कुठवर येतो? मधे पाणी किती खोल आहे? वारा असला तर हलते का, आणि हलली तर किती? आणि धक्क्यावरून बोटीत शिरतात कसं, पायऱ्या असतात की आणखी काही? मुलाच्या काळजीने विचारते आहे.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
सासू

१५ फेब्रुवारी

ती. स्व. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

रागावलेच आहे. तरी लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी आपणहून ताटावर येईल म्हणता. आई, चार महिने झाले. बोटीचा भोंगा वाजला की हे रेडिओ मोठा करतात. भाजीची पिशवी घेऊन बंदराचा रस्ता टाळून टेकडीवरून वळसा घालून येतात. गेल्या आठवड्यात जेवताना माझं लक्ष गेलं, दोन्ही हातांनी ताटाची कड धरून बसले होते, चाक धरावं तसे. मी पाहिलं हे कळल्यावर हात मांडीवर घेतले आणि तसेच उठले. त्या ताटावर आपणहून कोण येणार होतं?

मी लग्न केलं ते डिझेलचा वास घेऊन घरी येणाऱ्या, न्हाणीघरात बेसूर गाणाऱ्या माणसाशी. मला तो परत हवाय. हा स्वार्थ असेल तर असू दे. तुम्ही लांब बसून धीर धर म्हणता, ते सोपं आहे. रात्रंदिवस त्या कपाटाकडे बघायचं ते मला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. साधारण पाऊण तास लागतो. कठडा छातीपर्यंत येतो. खोली यांना विचारायला हवी, आणि ते विचारायची सोय नाही. वाऱ्याने हलते, पण झोपाळ्याइतकीही नाही. शिरायला फळी टाकतात, दोन-तीन पावलांत माणूस आत. मुलाच्या काळजीने विचारलंत म्हणून लिहिते, ती फळी तुमच्या मुलाने हजारदा ओलांडली असेल.

येणार नसाल तर तसं लिहा, मी दुसरा मार्ग बघते. या पत्रातलं कडू तेवढं माझं समजून सोडून द्यावं.

तुमची,
सून

२१ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

ताटाचं वाचलं आणि त्या दिवशी मशीनवर बसवेना. पडदा उलटा शिवला, तो उसवत बसले.

मी येते. एकच अट. त्याला कोणी ढकलायचं नाही. आग्रह नाही, डोळ्यांत पाणी नाही, मॅनेजरांना मुद्दाम धक्क्यावर बोलावून ठेवणं नाही. तो जिथे थांबेल तिथे आपण मुकाट्याने मान डोलवायची. कबूल असेल तर खोली ठरव, कबूल नसेल तर माझं नाव वगळ. ढब्याला मी वेगळं पत्र टाकलंय, मरायच्या आधी तो जुना किल्ला बघायचाय असं लिहून. इतकं खोटं मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

खोलीवाल्या बाईंना विचार, उशा बऱ्या असतात का. नाहीतर मी इथून दोन घेऊन येते.

लोभ काय, तो भांडूनच वाढतो आहे आपला. वाढू दे.

तुझी,
सासू

२८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुम्हा दोघींचा बेत मला कळत नाही असं समजू नकोस. इतकी वर्षं मी बोलावत होतो तेव्हा तुला किल्ला आठवला नाही, आणि आता एकदम मरायच्या आधी. पण तू येते आहेस याचा आनंद आहे, म्हणून मोडता घालत नाही.

मी धक्क्यापर्यंत येईन. तुम्हाला बोटीत बसवून देईन आणि तुम्ही परत याल तेव्हा उतरवून घ्यायला जवळ असावं म्हणून तोवर बंदराजवळच्या खानावळीत वरची खोली घेऊन राहीन. त्यापुढे मला कोणी काही विचारू नये.

तुला म्हणून सांगतो, एकदाच. लोक समजतात मला पाण्याची भीती बसली. पाण्याची नाही. मला माझ्या हातांची भीती वाटते. इंजिन थांबत नाही हे कळल्यावर मी चाक फिरवायला क्षणभर उशीर केला. चौकशीत तो क्षण कोणी विचारला नाही. मला तो रोज विचारतो. पुन्हा कोणाची तरी आई, कोणाचा तरी बाप माझ्या हाती द्यायचा, हे आता माझ्याने होणार नाही.

तुझ्यासाठी सूचना. सकाळी पोटभर खाऊ नकोस, रिकाम्या पोटीही बसू नकोस. सपाट चपला घाल. बोटीत मधल्या बाकावर बस आणि लांबच्या किनाऱ्याकडे बघ, जवळच्या पाण्याकडे नको. नवा माणूस बोट जरा जोरात लावतो असं ऐकतो, तेव्हा उठून उभी राहू नकोस.

तब्येतीला जप, आणि पाकिटावर ढब्या लिहिणं आता पुरे, पोस्टमन हसतो.

तुझा,
मुलगा

११ मार्च

ती. स्व. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तयारी झाली, पण माझा जीव टांगणीला लागलाय. खोली वीस तारखेपासून दोन रात्रींसाठी मिळाली. उशा दगडासारख्या आहेत असं बाईंनी स्वतःच सांगितलं, तेव्हा तुमच्या आणाच.

बोटीची तिकिटं मी तीन काढली. जाऊन-येऊन एकत्र काढली की स्वस्त पडतात, पण परत घेत नाहीत. तिसरं मी डब्यात लपवून ठेवलं होतं, ते यांना सापडलं. तिकीट टेबलावर माझ्यासमोर ठेवलं, वर पाण्याचा पेला ठेवला आणि कामाला गेले. संध्याकाळी मीच भांडले. म्हणाले की फुकट घालवायला पैसे वर आलेत का. मी म्हटलं, फुकट गेलं तर माझं गेलं. दोन दिवस आम्ही एकमेकांना फक्त मीठ दे आणि दिवा मालव एवढंच बोललो. तुमची अट मोडली हे कबूल करते.

एक गोष्ट मात्र घडली. काल यांनी जेवताना विचारलं की वीस तारखेला वारा कसा असेल असं कोणी म्हणालं का. मग स्वतःच सांगितलं की त्या सुमारास सकाळी धुकं असतं, धुकं असलं तर तुम्हाला दोघींना मी जाऊ देणार नाही. धुकं पडलं तर सगळंच संपलं, आई. एक एप्रिल काही आपल्यासाठी थांबणार नाही. नव्या माणसाच्या गणवेशाचं माप घेऊन झालंय म्हणे.

तुम्ही या. बाकी मला काही सुचत नाही. लोभ नेहमीसारखा हवा, थोडा जास्त असला तरी चालेल.

तुमची,
सून

२६ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तुझ्या सामायिक न्हाणीघराने मला सर्दी दिली, ती सोडता सगळं ठीक आहे. किल्ला बघितला, मरायला आता हरकत नाही, पण घाई नाही.

बेटावर उतरल्यावर तू मला मिठी मारून म्हणालीस की आई, काय नाटक केलंत, असं नाटक कोणाला जमणार नाही. ते नाटक नव्हतं. तू बॅगा आणि उशा घेऊन आधीच बोटीत चढली होतीस, पाठमोरी होतीस, तुला फळीपाशी काय झालं ते दिसलं नाही. म्हणून लिहिते.

धुकं विरेपर्यंत आपण सगळे धक्क्यावर उभे होतो ते तुला आठवत असेल. नवा मुलगा बोट लावत होता तेव्हा ढब्याचा उजवा हात आपोआप हलत होता, मागे घे, मागे घे, असा. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, आता मुकाट्याने चढायचं आणि याला इथेच राहू द्यायचं, ठरल्याप्रमाणे. मी फळीपाशी गेले. खाली धक्का आणि बोट यांच्यामध्ये हिरवं पाणी होतं, वर-खाली होत होतं. आणि पाऊल पुढे पडेना, मागे वळवेना. भोंगा वाजला. फळीवरचा माणूस आजी चला, आजी चला, करत होता. मी दोरखंड बांधायच्या एका खांबाला मिठी मारून उभी राहिले.

ढब्या धावत आला. त्याला वाटलं मला घेरी आली. मी त्याला सांगून टाकलं की गणवेशांचा हंगाम वगैरे काही नाही, मला पाण्याची भीती वाटते, नेहमीच वाटत आली, आणि मुलगा बोट चालवतो म्हटल्यावर हे कोणत्या तोंडाने सांगणार होते. मी म्हटलं, मला घरी ने.

तो फळीवरच्या माणसाला हाताने थांब म्हणाला. मग माझे दोन्ही हात धरले आणि स्वतः पाठ करून, उलटा, फळीवर चढला. मला म्हणाला की खाली बघू नकोस, माझ्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघ. ते बटण सैल झालं होतं, तू शिवून टाक आता. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. अर्ध्या वाटेत मला कळलं की हात थरथरतायत ते माझे नाहीत, त्याचे आहेत. तेव्हा मी घट्ट धरलं. कोणी कोणाला आत नेलं ते मला अजून सांगता येत नाही.

आत आल्यावर फळी काढली गेली आणि मगच त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे उभे आहोत. मला वाटलं हा आता उडी मारून परत जाईल. तो माझ्याशेजारी मधल्या बाकावर बसला, पाऊण तास माझं मनगट धरून. तुझं तिकीट फुकट गेलं नाही.

येताना तो चाकाच्या खोलीच्या दाराशी उभा होता, हे तूही पाहिलंस. पुढे काय करायचं ते त्याचं तो ठरवेल. तू विचारू नकोस. पण मी नाटक केलं असं त्याला कधी सांगू नकोस. मी खरंच घाबरले होते, सूनबाई. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी त्याच्यापासून लपवली होती.

तुझ्यावरचा लोभ आता मागून घ्यावा लागणार नाही.

तुझी,
सासू

२ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हिने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. तिच्यावर रागावू नकोस, वाचताना तिला पुढे वाचवेना म्हणून उरलेलं मीच वाचलं. नाटक नव्हतं हे मला त्या दिवशीच कळलं होतं. तुझे तळवे ओले होते.

मी घाबरून बसलो आणि तू घाबरून आलीस, एवढंच इतके दिवस डोक्यात घोळतंय. काल सकाळी मॅनेजरांकडे गेलो. म्हटलं, कामावर येतो, पण फळीला दोन्ही बाजूंनी धरायला दोर हवा. त्यांनी नाक मुरडलं, म्हणाले की आजवर कोणाचं अडलं नाही. मी म्हटलं, अडणारी माणसं फळीपर्यंत येतच नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. शेवटी दोर मी आणला आणि खुंट्या त्यांनी दिल्या.

आज पहिल्या फेरीला हात थरथरत होते. दुसऱ्या फेरीलाही. बोट हळू लावली, एकजण घड्याळ बघून कुरकुरला, कुरकुरू दे. घरी आलो तर हिने कपाट हलवायला घेतलं होतं, पण ते एकट्याने हलत नाही.

गणवेश शिवून झाले की ये. सैल बटण अजून तसंच आहे, हिला शिवू दिलेलं नाही. दोराला धरून आलीस तरी मी फळीवर असेन.

तुझा,
ढब्या