मैनेची क्षमा

३ ऑगस्ट १९९६, शनिवार
यंत्राला अपमान कळतो का? देवधर सरांनी आज डबा खाताना विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. सर हसले. "मग माझी कादंबरिका वाच. वाचता वाचता टाइपही करून टाक." इथल्या कानडी ऑफिसात मराठी टाइपिंग मला एकटीलाच येतं. 'मैना' नाव. घरकाम करणारं यंत्र, त्याला एक दिवस स्वतःची जाणीव होते. पुण्याचे प्रकाशक दिवाळीच्या आत पुस्तक काढणार आहेत.
मला नोकरी सरांनीच दिली, सप्टेंबरात कायम करायची सहीही त्यांचीच. पण नाही म्हणायचं मनातही नव्हतं. "यात तुमच्या घरचंही थोडं आहे हं," म्हणाले. घरी परतताना येलहंक्याच्या बसमध्ये उभ्यानेच पाच पानं वाचली.

६ ऑग., मंगळ.
फार सुंदर लिहितात. घरातले सगळे बाहेर गेले की मैना वाळलेल्या कपड्यांतला एकेक सदरा स्वतःच्या छातीला लावून बघते. आपण कुणासारखे आहोत? टाइप करताना डोळे भरले. आईला सांगितलं तर कळवळून म्हणाली, "पाप! तिला एक लुगडं दे म्हणून सांग की साहेबाला."

९ ऑग., शुक्र.
पाहुण्यांच्या पंगतीचं पान. मैना रिकामं भांडं घेऊन वाढायला येते. "स्वल्प बसा की साहेब. पोट भरलं म्हणून कोण सांगितलं?" पाहुणे हसून लोळतात. यजमान प्रोफेसर म्हणतात, "हिच्या भाषेच्या तारा गंजल्यात."
मैनेचं हे वाक्य आईचं आहे. जुलैत सर जेवायला आले होते तेव्हाचं, शब्दाला शब्द. भांडं रिकामं नव्हतं. चित्रान्न होतं, लिंबाचा भात, आणि सरांनी तिसऱ्यांदा घेतलं होतं.
शेवटापर्यंत वाचलं. जाणीव होते त्या दिवशी मैना आरशासमोर उभी राहते आणि एकदम स्वच्छ पुणेरी बोलायला लागते. "आजवर मी जे बडबडले, ते माझं नव्हतं. मला क्षमा करा." मग जमलेल्यांच्या टाळ्या.
आईला डोकं दुखतंय म्हटलं. जेवले नाही.

१० ऑग., शनि.
सरांना विचारलंच.
"अगं, किती प्रेमाने लिहिलंय! केवढा गोडवा आहे त्या बोलीत. वाचक खुदकन हसेल."
"पण जाग आल्यावर मैना तशीच का बोलत नाही?"
"जाग आल्यावर कुणी तसं कसं बोलेल?" मग माझ्याकडे बघून, "म्हणजे... कळतंय ना तुला?"
कळलं. तुम्हाला दोनशे वर्षं या कानडी मुलखात राहणारी आमची मराठी माणसं गंजलेली वाटतात, सर. आणि तुम्ही दोन वर्षांत इथे साधा कानडी 'नीरु' शब्द शिकला नाहीत, पाणी अजून हिंदीत मागता. (हे बोलले नाही. इथे लिहितेय.)

११ ऑग., रवि.
आई तांदूळ निवडत बसली होती. "पुस्तकात आमचं काय आहे ते वाच की." टाळलं. ऐकेना. शेवटी पंगतीचं पान वाचलं, लोक हसतात ते गाळून. आई इतकी खूश! "अय्यो, हे मी सांगितलं की!" शिलाईच्या दुकानातून अप्पांना हाक मारून बोलावलं. ते गळ्यात टेप तशीच ठेवून आले. पुन्हा वाचायला लावलं.
मग आई म्हणाली, "शेवटी ती काय सांगते?"
"अजून टाइप नाही झालं."
"बेगा कर." घाई झाली होती तिला.

तेव्हापासून डोक्यात एकच. सरांना असं सोडायचं नाही. कॉलेजात 'क्षमा हेच सामर्थ्य' या विषयावर मी पहिलं बक्षीस मिळवलंय. स्टीलचा डबा. आई त्यात हिंग ठेवते.

१३ ऑग., मंगळ.
सर आठवडाभर मुंबईला. जाताना म्हणाले, "शनिवारी फ्लॉपी प्रकाशकांना कुरिअर कर. मुद्रितं तपासायला वेळ नाही, तू आहेस म्हणून निश्चिंत आहे."
सगळे गेल्यावर कादंबरिकेतलं प्रोफेसरांचं शेवटचं भाषण उघडलं आणि सगळं आईच्या बोलीत करून टाकलं. "सभ्य गृहस्थ हो, स्वल्प ऐका की!" एकटीच हसले, पोट धरून. छापून येऊ दे. प्रकाशनाच्या दिवशी पुण्याच्या सभागृहात हे मोठ्याने वाचू दे सरांना.
घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की मी हसले ते कुणाला. पंगतीतले पाहुणेही याच बोलीला असेच हसले होते.
उद्या पुसून टाकायचं. पण सूड सोडलेला नाही. हा चुकीचा होता, एवढंच.

१५ ऑग., गुरु.
सुट्टी. घरीच कागदावर मैनेचं शेवटचं बोलणं लिहिलं. आधीचं एक अक्षर बदलणार नाही. पंगत, हशा, गंजलेल्या तारा, सगळं त्यांचंच राहील, सगळ्यांना दिसेल असं. फक्त आरशासमोर मैना म्हणते,
"माझं बोलणं ऐकून तुम्ही हासले. हासा की. हेच बोलणं भातासंगं गोड लागलं, आता गंजलं? मी आहे म्हणून मला कळलं, ते पण ह्याच बोलण्यात कळलं. क्षमा माग म्हणून कोण सांगितलं?"
टाळ्या काढल्या. मैना भांडं खाली ठेवते आणि दार उघडून जाते.
आईला वाचून दाखवलं. तिने निवडायचं सूप बाजूला ठेवलं. मग, "असं लिहिलंय साहेब? भारी चांगला माणूस रे बाई. बोलाव की परत जेवायला."
कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.
हे मात्र सहन होत नाही. गुपचूप बदललं तर श्रेय त्यांचंच. मी पुन्हा त्यांच्यासाठी फुकट टाइपिंग केलेली मुलगी.

१६ ऑग., शुक्र.
टाइप झालं. कायम नोकरीचं काय? अप्पांनी माझं डिग्रीचं सर्टिफिकेट दुकानात लावलंय, शिवायला आलेल्या विमानदलाच्या युनिफॉर्मच्या बरोबर वर. गिऱ्हाईक माप देताना मुलीचं विचारतात, "मगळु इंजिनियरा?" अप्पा खोटं बोलत नाहीत, "बी. एस्सी., कंप्यूटर कंपनी" म्हणतात. कंपनी गेली तर

नाही. ठरलंय.

१७ ऑग., शनि.
दुपारी फ्लॉपी कुरिअरला दिली. मग बदललेलं पान छापून सरांच्या टेबलावर ठेवलं, पेपरवेटखाली. वर लिहिलं : 'हे शेवटचं बोलणं माझ्या आईच्या बोलीत मी लिहिलं आहे. फ्लॉपी याच शेवटासह गेली आहे.' खाली पूर्ण नाव, आईच्या नावासकट.
सर सोमवारी येतील. प्रकाशकांना फोन करून थांबवता येईल, अजून वेळ आहे. पण काय बदलायचं ते सांगायला त्यांना आईच्या बोलीतलं एकेक वाक्य फोनवर मोठ्याने वाचावं लागेल. माझं टेबल त्यांच्या केबिनला लागूनच आहे.