न केलेल्या चुकीची माफी

४ मार्च

चि. खारूताईस मामाचे भरपूर आशीर्वाद.

विद्यापीठाची नोटीस तुला एका सहीवर मिळाली म्हणतेस. आम्हाला ती काय भावात पडली ते ऐक. तुझ्या आईची दोन चुकलेली जेवणं, माझी अख्खी दुपार आणि शेजारणीला दिलेली तीन खोटी कारणं.

तू उतरवून पाठवलेलं पहिलं पान मी चारदा वाचलं. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक फुटला, शिस्तपालन समिती चौकशी करणार, तू बारा तारखेला हजर राहायचंस. तो फुटला त्या गुरुवारी तिथल्या वहीत शेवटची सही तुझी, म्हणजे बोट तुझ्याकडेच असणार. तू काही फोडलं नाहीस हे मला सांगायला नको. पण शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि प्रकरण मिटेपर्यंत हॉल तिकीट नाही म्हणतात. दुसऱ्या पानावर नुसते नियम आहेत ना, मग ते उतरवत बसू नकोस. नियम सगळीकडे सारखेच.

तुझा मामा लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस पुसत मोठा झालाय. तुमच्या मुख्य इमारतीची लिफ्ट अठरा वर्षं माझ्याकडे आहे, दर तीन महिन्यांनी येऊन मीच बघतो. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस मेकॅनिकला भिंत समजतो. समितीची माणसं निकाल कसा लावतात ते मी दोन मजल्यांच्या मध्ये इतकं ऐकलंय की मलाच एक खुर्ची द्यावी. सूत्र एकच. आधी माफी मागतो तो सुटतो, वाद घालतो तो लटकतो. तेव्हा आजच माफीचा अर्ज दे आणि शिक्क्याची पोच घे.

लोभ आहेच, तो खरा की खोटा हे तपासत बसू नकोस.
तुझा मामा

१३ मार्च

ती. स्व. मामास शि. सा. न.

अर्ज दिला, पोच घेतली, काल हजरही राहिले. काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण सांगते.

लांब टेबलामागे पाच जण होते. अध्यक्षबाईंनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं की मी नेमकं काय केलं. मी म्हटलं, माहीत नाही, पण जे झालं त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मग अर्ज पाचही जणांच्या हातातून फिरला. शेवटी कारकुनाने नोटीस उलटी करून दाखवली. तक्रार प्रयोगशाळा सहायकाने केली आहे, माझ्या वर्गातल्या दोघांविरुद्ध. मला बोलावलं होतं साक्षीदार म्हणून. तसं दुसऱ्या पानावर नियमांच्या खाली लिहिलंय.

तिथेच उभे असलेले ते दोघं मात्र लगेच म्हणाले की बघा, जिने फोडलं तिने कबूल केलं. मी त्यांना सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेऊन समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघताना पाहिलं होतं. मी ते सांगायला लागले तर एक सदस्य म्हणाले, आधी आरोपी की साक्षीदार ते ठरवा. अर्ज परत मागितला तर कारकून म्हणतो, आवक क्रमांक पडला, आता तो कागद विद्यापीठाचा. एकोणीसला पुन्हा सुनावणी. हॉल तिकीट अडकलं. मामा, मी आता नक्की कोण आहे?

आईला यातलं अर्धंच सांग.
तुझी खारूताई

१५ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद, आणि या वेळी थोडी माफीही, माझ्याकडून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुझ्या आईला अर्धं सांगितलं, उरलेलं तिने माझ्या तोंडावरून वाचलं. मी तुझ्या कामाला आहे की नुसता करमणुकीला, असं विचारत होती.

आता माझं सूत्र विसर. जे पाहिलंस तेवढंच सांग, कबुतरांसकट. आणि घाबरू नकोस, एकोणीसला मी येतोय. समितीच्या लोकांबरोबर लिफ्टमधून वर जाईन, वारं कुठल्या दिशेचं आहे ते ऐकेन आणि तू आत जायच्या आधी तुला सांगेन.

माया राहू दे, सल्ला फेकलास तरी चालेल.
तुझा मामा

२० मार्च

ती. स्व. मामास शि. सा. न.

काल तुझी भेट झाली नाही म्हणून लिहिते. आत जायची वेळ होईपर्यंत दारात वाट पाहिली, मग एकटीच गेले.

पाहिलं तेवढं सांगितलं. सहायकानेही खिडकीत सापडलेले सूक्ष्मदर्शकाच्या काचेचे तुकडे दाखवले. त्या दोघांना लेखी ताकीद मिळाली आणि भरपाई लागली. माझ्या अर्जावर अध्यक्षबाईंनी शेरा मारला की माफी कशाबद्दल हे अर्जदारास ठाऊक नसल्याने अर्जाची दखल घेता येत नाही. मी पुन्हा साक्षीदार झाले. हॉल तिकीट दुपारीच हातात पडलं. आईला आता पूर्ण सांग.

बाहेर आले तर पहारेकरी म्हणाला की अवजारांची पिशवी घेतलेले एक गृहस्थ सकाळपासून लिफ्टमध्ये वरखाली करताहेत, कुणाला शोधताहेत ते सांगत नाहीत. मी धावत गेले, तोवर तू बससाठी निघून गेला होतास.

मामा, समितीची खोली तळमजल्यावर आहे. इमारत बांधल्यापासून तिथेच.

रागावू नकोस, आणि यायचा थांबू नकोस.
तुझी खारूताई